पॅच फुकट, मग बिल कशाचं?

दुकानाची किंवा संस्थेची वेबसाइट स्वतःच्या भाड्याच्या व्हीपीएसवर (आभासी सर्व्हरवर) चालवत असाल आणि ‘सिक्युरिटी पॅच मारायचाय’ म्हणून कोणी कोटेशन धाडलं, तर पॅचची किंमत आधी माहीत असू द्या: शून्य रुपये. पैसे पडतात ते माणसाच्या वेळेचे.

२०१६ साली एनजिनएक्स या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये सापडलेली सीव्हीई-२०१६-१२४७ ही त्रुटी बघा. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींच्या पॅकेजमध्ये लॉगचा फोल्डर वेबसाइट चालवणाऱ्या साध्या युजरच्या मालकीचा होता. साइटमधल्या एखाद्या भोकातून कोणी त्या युजरपर्यंत पोचला, की त्याने लॉगची फाइल काढून तिथे सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) ठेवायची आणि गप्प बसायचं. तेव्हा डेबियनवर रोजची कामं सकाळी ६.२५ला सुरू व्हायची. लॉग बदलला जातो, रूटच्या म्हणजे सर्वोच्च अधिकारात चालणारी मुख्य प्रोसेस तो पुन्हा उघडते आणि सिमलिंक नेईल तिथल्या सिस्टिम फाइलवर लिहू लागते. सर्व्हर गेला. डाविड गोलुन्स्की या संशोधकाने हे दाखवल्यावर ऑक्टोबरमध्ये डेबियनने फोल्डरची मालकी रूटकडे दिली. दुरुस्ती एवढीच.

तंत्रज्ञाने २,००० रुपये सांगितले तर १८ टक्के जीएसटी धरून बिल २,३६० होतं. त्यात काय येतं ते लिहून घ्या: आधी स्नॅपशॉट (सर्व्हरची जशीच्या तशी प्रत), मग अपडेट, मग साइट तपासणं. लॉग तुम्ही वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवत असाल तर त्याची मालकीही बघायला सांगा. पॅकेज फक्त ठरलेला फोल्डर सुधारतं. स्नॅपशॉट नंतर पुसला नाही, तर त्याचं भाडं महिनोन्‌महिने चालू राहतं. सुरक्षा अपडेट आपोआप टाकणारं ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ फुकट मिळतं. ते चालू करून घेतलंत तर दर महिन्याचं ‘सुरक्षा पॅकेज’ निव्वळ अपडेटसाठी घ्यायचं कारण उरत नाही.

खरा खर्च जुन्या आवृत्तीचा. उबुंटू १६.०४ला अपडेट मिळण्याची सर्वसाधारण मुदत एप्रिल २०२१मध्येच संपली. मुदतीनंतरही अपडेट देणारी उबुंटू प्रो ही सेवा वैयक्तिक वापरासाठी पाच मशिनपर्यंत मोफत आहे, तरी इतकी जुनी आवृत्ती असेल तर नवा सर्व्हर घेणंच बरं. साइट हलवेपर्यंत दोन्ही सर्व्हरचं भाडं पडेल, ते हिशेबात धरा.

घुसखोरी झालीच असेल तर ‘साफसफाई’ला एक पैसा देऊ नका. रूट गेल्यावर कुठली फाइल बदलली याची खात्री कोणीच देत नाही. नवा सर्व्हर, घुसखोरीच्या आधीचा बॅकअप आणि सगळे पासवर्ड नवे, हाच मार्ग. ज्या भोकातून घुसखोर शिरला ते बुजवल्याशिवाय साइट सुरू करू नका. कंपनी असेल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला ६ तासांत कळवणं २०२२पासून बंधनकारक आहे. त्याला फी नाही. १८० दिवसांचे लॉगही ठेवावे लागतात, म्हणजे डिस्क थोडी मोठी घ्या.

शेअर्ड होस्टिंगवर असाल तर यातलं सर्व्हर अपडेटचं काम होस्टिंगवाल्याचं. त्याचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.