हवा कोरडी म्हणून कुंडी ओली नको

भाचेबाई,

रांजणगावच्या ऑफिसातून ऑर्किडची कुंडी मिरवत आणलीस, कपाटावर मांडलीस, सगळ्या नातेवाइकांना फोटो पाठवलेस. झोकात आहे. आता ती जगवायची, आणि तीही तळेगाव ढमढेऱ्यात. फुलांच्या हरितगृहांचं तळेगाव ते दाभाड्यांचं, तिकडं मावळात. आपलं तळेगाव पर्जन्यछायेतलं, वेळ नदीच्या काठचं; आणि ती नदी एप्रिलात कशी दिसते ते तुला सांगायला नको. तरी ऑर्किड इथं घरात चांगलं येतं. फक्त ‘हवा कोरडी, म्हणून पाणी जास्त’ हा हिशेब डोक्यातून काढ. तहानेनं जातात त्याहून जास्त ऑर्किडं लाडानं जातात.

१. सकाळी तुळशीला घालून उरलेलं पाणी या कुंडीत ओतू नकोस — हे मूळचं फांद्यांवर राहणारं झाड, त्याच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. तुळशीचा लोटा, ऑर्किडचा तोटा.

२. पाणी द्यायच्या आधी मुळं बघ. पारदर्शक कुंडी त्यासाठीच असते. रुपेरी दिसली तर दे, हिरवी दिसली तर गप्प बस — मुळावरची पांढरी साल पाणी पिऊन भिजली की आतला हिरवा रंग बाहेर दिसतो.

३. कुंडीच्या पोटातलं कळत नसेल तर विझलेल्या उदबत्तीची काडी मधोमध खोच आणि दहा मिनिटांनी काढ. ओली निघाली तर अजून दोन दिवस थांब — वरचा थर वाळतो आणि आपल्याला फसवतो.

४. साधारण मे महिन्यात चार-पाच दिवसांनी, थंडीत दहा-बारा दिवसांनी पाणी लागतं. पण वार ठरवून देऊ नकोस — झाड काही कॅलेंडर बघत नाही.

५. वरून शिंपडण्यापेक्षा कुंडी बादलीत दहा-पंधरा मिनिटं बुडव आणि मग मोरीत पूर्ण निथळू दे — कुंडीतली वाळलेली साल आणि काथ्या लगेच पाणी धरत नाहीत, वरचं पाणी नुसतं खाली पळून जातं. शोभेच्या बाहेरच्या भांड्यात साचलेलं पाणी मात्र आठवणीनं ओत. बिनभोकाचं ते गोड दिसणारं भांडं म्हणजे मुळांचं डबकं.

६. हे काम सकाळी कर, आणि पानांच्या बेचक्यात थेंब राहिला तर कापसानं टिपून घे — तुझं ऑर्किड फॅलेनॉप्सिस जातीचं, त्याला वाढीचा शेंडा एकच, तो कुजला की बहुधा झाडच जातं.

७. बोअरचं पाणी शक्यतो नको. पातेल्यात पाणी उकळल्यावर पांढरा थर धरतो ना, तेच क्षार मुळांवर साचतात आणि त्यांची टोकं काळी पडतात. जूनमध्ये पत्र्यावरचा पहिला पाऊस वाहून जाऊ दे, मग पिंप भरून झाकून ठेव. ते संपलं की आरओचं गाळलेलं पाणी वापर. त्यातून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी नको, त्यात क्षार उलट दाट झालेले असतात. बोअरशिवाय इलाजच नसेल, तर निदान महिन्यातून एकदा गोड्या पाण्यानं कुंडी खळखळून धू.

८. ओल द्यायची ती हवेला दे. पसरट ताटलीत खडे आणि पाणी घाल आणि कुंडी खड्यांवर ठेव, पाण्यात नाही. त्याहून सोपं म्हणजे उजेड असेल तर माठाच्या तिवईशेजारची जागा — माठ पाझरतो, भोवतीची हवा थोडी दमट आणि गार राहते. कूलरची दमट हवा खोलीत फिरायला हरकत नाही, पण झोत थेट कळ्यांवर नको.

९. आंब्याची आढी घातलीस त्या खोलीत कळ्यांवरचं ऑर्किड ठेवू नकोस — पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि न उमललेल्या कळ्या पिवळ्या पडून गळतात. मग ‘कुणाची दृष्ट लागली’ म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळत बसशील.

१०. खिडकी पूर्वेची. पश्चिमेचीच असली तर पातळ पडदा लाव — आपल्याकडचं दुपारचं ऊन पानावर डाग पाडतं, आणि तो डाग भरून येत नाही.

११. कुंडी बदलायची ती फुलं संपल्यावर, नव्या मुळांची हिरवी टोकं दिसू लागली की — तेव्हा झाड नव्या जागी लवकर रुजतं. मुळं आधी भिजवून घे. कोरडी मुळं काडकन मोडतात.

१२. विकतच्या झाडाच्या मुळांच्या मधोमध शेवाळाचा घट्ट गोळा सापडतो. तो बोटांनी हळूहळू काढ — बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत वाटतं तेव्हाही तो आत ओला असतो, आणि कूज तिथूनच सुरू होते. बोटांत दाबली की मऊ लिबलिबीत लागतात आणि नुसता दोरा उरतो, ती मुळं मेलेली. कात्री ज्योतीवर धरून तेवढीच काप आणि कापलेल्या जागी चिमूटभर दालचिनीची पूड लाव. घट्ट लागतं ते मूळ पिवळट असलं तरी जिवंत आहे, त्याला हात लावू नकोस. नंतर तीन-चार दिवस पाणी नाही.

१३. माती मुळीच नको. लाकडी कोळसा, पक्क्या विटेचे तुकडे आणि नारळाच्या वरच्या सालीचे तुकडे — कोळसा-विटेनं हवा खेळते, नारळ ओल धरतो. नारळ दोन दिवस पाणी बदलत भिजव म्हणजे त्यातले क्षार उतरतील. कोळसा कोरा घे, शेगडीतला राखेचा नको.

१४. नवी कुंडी जुनीपेक्षा एकच बोट मोठी. मोठी कुंडी, कुजकी शेंडी! झाड काठीला बांध — हललं की नवी मुळं घासून तुटतात. बाहेर लोंबणारी मुळं दडपून आत कोंबू नकोस, ती हवेतलीच आहेत.

१५. खत म्हणजे कृषी सेवा केंद्रातलं १९:१९:१९, लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांनी, तेही मुळं आधी भिजवून — कोरड्या मुळांना खत पोळतं. प्रमाण तुझ्या बाबांना विचारू नकोस, माझा दादा कांद्याच्या हिशेबानं सांगेल.

१६. दिवाळीनंतर रात्री गार व्हायला लागल्या की धीर धर, त्या गारव्यानंच फुलांचा दांडा निघतो. कडाक्याच्या थंडीत मात्र काचेपासून लांब ठेव.

आता एक वेगळंच. भीमाशंकरला गेलीस की झाडांवर आमऱ्या, म्हणजे रानातली ऑर्किडं, दिसतील. आपल्या शिरूर तालुक्यात चासकमानच्या कालव्यानं येतं ते त्याच डोंगरात उगवलेल्या भीमेचं पाणी. पण पाणी आलं म्हणून तिथलं धुकं इथं येत नाही. उपटून आणलेली आमरी आपल्या उन्हाळ्यात तग धरणं अवघड, आणि १९८५ पासून ते अभयारण्य आहे, तिथून झाड उचलणं गुन्हा. हौस भागली नाही तर रोपवाटिकेतून डेंड्रोबियम घे, आपल्या उकाड्याला ते फॅलेनॉप्सिसपेक्षा चिवट आहे. फक्त पानं झडलेली त्याची कांडी वाळली समजून कापू नकोस. झाडाचा साठा तिच्यातच असतो.