पिल्लांचा खाऊ

कळंब, जि. धाराशिव

चि. सौ. राणीस,


पत्र मिळालं. गिरिराजची पिल्लं आणलीस, भाताचं तूस अंथरून बल्ब लावलास, हे वाचून फार बरं वाटलं. ज्वारीच्या कण्या, भाताची शितं, पालेभाजी कधीपासून घालायची, असं तू विचारलंयस. सासूबाई म्हणतात आजपासूनच घाल आणि पिल्लं देणारा म्हणतो स्टार्टर खाद्याशिवाय काही नको. राणी, दोघांचंही बरोबर आहे. पिल्लू कुणाच्या पंखाखाली वाढतंय, त्यावर सगळं आहे.

सासूबाईंनी जन्मभर खुडूक कोंबडीखालची पिल्लं पाहिली. ती कोंबडी दोन-तीन दिवसांतच पिल्लांना उकिरड्यावर नेते, माती उकरते, सापडलेला किडा चोचीत धरते आणि आवाज देऊन त्यांच्यापुढे टाकते. त्या मातीतले बारीक खडेही पिल्लं टिपतात. कोंबडीला दात नसतात. पोटातल्या जाड मांसल पिशवीत हे खडेच दाणा भरडतात. तेच तिचं जातं. तुझ्या पिल्लांना आई नाही आणि मातीही नाही. पोटात खडे नसताना दाणा गेला तर तो भरडणार कोण? स्टार्टर आधीच दळलेला असतो, म्हणून तो खड्यांवाचून पचतो.

तेव्हा पहिले दोन आठवडे स्टार्टर आणि स्वच्छ पाणी, एवढंच. या दिवसांत पिल्लांना खाऊपेक्षा उबेची गरज जास्त. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब हवी, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जा. बल्बखाली एकमेकांवर चढून ओरडत असतील तर त्यांना गारठा लागतोय. कडेला पळून चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडतंय. पहिल्या आठवड्यात मानमोडीची लासोटा लस डोळ्यात थेंब टाकून देतात, ती चुकवू नकोस. तारखा पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घे.

तिसरा आठवडा लागला की खाऊ सुरू कर, पण त्याआधी एक-दोन दिवस धुतलेली जाडसर वाळू ताटलीत ठेव. मोहरीएवढे कण पुरे. शिंपल्यांचा चुरा मात्र ठेवू नकोस. तो अंडी देणाऱ्या कोंबडीसाठी असतो. जास्तीच्या चुन्यानं पिल्लांची मूत्रपिंडं बिघडतात.

सुरुवात उकडलेल्या अंड्याच्या चुऱ्यानं कर. मग ज्वारीच्या बारीक कण्या, चिरलेली मेथी, शेवग्याचा पाला. लसूणघास दिलास तर जुडी बांधून त्यांच्या मानेच्या उंचीवर टांग. टांगलेला पाला ती ओढून तुकडा तुकडा खातात. मोकळा लांब पाला तसाच गिळतात आणि मानेखालच्या पिशवीत त्याचा गोळा होतो. संध्याकाळी ती पिशवी बोटांनी चाचपून बघ. भरलेली पण मऊ असावी आणि सकाळी रिकामी झालेली असावी. सकाळीही टणक लागली तर खाऊ थांबव.

वाळवी हा पिल्लांचा सगळ्यांत आवडता खाऊ. जुन्या मडक्यात शेण, काडीकचरा आणि पोत्याचे तुकडे ओले करून भर आणि वाळवी असेल तिथे रात्री उपडं ठेव. सकाळी आतली वाळवी झटकून दे. मात्र जिथे वाळवीचं औषध टाकलंय, तिथली घेऊ नकोस.

किती द्यायचं? पाच-दहा मिनिटांत संपेल इतकंच, तेही दुपारी, स्टार्टर पोटभर खाऊन झाल्यावर. स्टार्टरमध्ये वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, ज्वारीत साधारण निम्मी. कण्यांनीच पोट भरलं तर वाढ मागे पडते आणि पिसं उशिरा येतात. भात-भाकरीनं तर फक्त पोट भरतं. उरलेला ओला खाऊ लगेच उचल. तुसाला ओल आली की रक्ती हगवण आलीच म्हणून समज.

आता जे कधीच द्यायचं नाही ते नीट वाच. आपल्या जिल्ह्यात घरोघरी सोयाबीन असतं. सांडलेले दाणे पिल्लांना घालावेत असं वाटेल, पण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारं द्रव्य असतं. नीट भाजल्या-उकडल्यावरच ते जातं. त्याहून घातक म्हणजे पेरणीतून उरलेलं, औषध चोळलेलं रंगीत बियाणं. ते विषच आहे. मृगाच्या घाईत ती पिशवी अंगणात पडून राहते, तिच्यावर लक्ष ठेव. बुरशी लागलेला मका, कुबट वासाची शेंगदाण्याची पेंड, खारट फरसाण आणि तळणही नको. बुरशीचं विष पिल्लांच्या लिव्हरवर जातं, पेंड उकळली तरी ते जात नाही.

मग खाऊ द्यायचाच कशाला? पिल्लांना तुझी ओळख पटावी म्हणून. रोज त्याच वेळी, तीच ताटली वाजवून, एकच हाक मारून दे. पंख फुटले आणि अंगणात सुटली की हीच हाक कामाला येते. घार घिरट्या घालायला लागली, तिन्हीसांजेला बोका फिरायला लागला की एका हाकेवर सगळी खुराड्यात येतात. जे पिल्लू खाऊवर झेप घेत नाही, कोपऱ्यात पंख पाडून उभं राहतं, ते आजारी. त्याला त्याच दिवशी वेगळं कर. रोजच्या खाऊमुळे आजार एक दिवस आधी कळतो.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. पुढच्या खेपेला एखादी खुडूक कोंबडी त्यांच्याच हाताखाली बसव आणि ती पिल्लांना कशी वाढवते ते शेजारी बसून बघ. त्यांच्याकडे असलेलं ज्ञान खाद्याच्या पिशवीवर छापलेलं नसतं. अडलं तर तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचार आणि मलाही कळव.

तुझी,
आत्या