घरावर वीज पडली त्यानंतर

बीड जिल्ह्यातलं आमचं घर गावाबाहेर, माळाच्या चढावर आहे. मे महिन्यात वळवाचं आभाळ भरून आलं होतं, पाऊस अजून सुरूही झाला नव्हता, तेवढ्यात घरावर वीज पडली. उजेड आणि आवाज एकाच क्षणी. माणसं वाचली, म्हैस गेली. त्यातून जे शिकलो ते लिहितो, कारण आमच्यासारखी घरं गावोगाव आहेत.

१. वरचा मजला पुढेमागे काढू म्हणून खांबांचे गज स्लॅबवर उघडे सोडायची आपल्याकडे रीतच आहे. विजेला असं उंच टोक सापडतं. आमच्याकडे ती गजातून खांबात शिरली. काँक्रीटमध्ये मुरलेल्या ओलीची क्षणात वाफ झाली आणि वाफेने सिमेंट फोडलं. कठड्याचे तुकडे अंगणभर पडले होते. झाडाची साल उभी फाटते तीही आतल्या रसाची अशीच वाफ होऊन.

२. बटण बंद केलं की भागत नाही. मैलभर हवा ओलांडून आलेल्या विजेला बटणातली काडीभर फट अडवू शकत नाही. टीव्ही, फ्रीज, मोटारीचा स्टार्टर सगळं जळालं. एमसीबीही उपयोगी पडला नाही. प्लग काढून ठेवावेत, आणि तेही ढग लांब गडगडत असतानाच. डोक्यावर कडाडायला लागल्यावर बोर्डाजवळ जाऊच नये.

३. म्हैस लिंबाखाली बांधलेली होती, घरापासून बरीच लांब. तिच्यावर वीज पडली नव्हती. वीज जमिनीत पसरते तेव्हा जवळच्या आणि लांबच्या मातीत विजेच्या दाबाचा फरक पडतो. जनावराच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, त्यामुळे प्रवाह एका पायातून चढून छातीतून दुसऱ्या पायात उतरतो. उघड्या रानात सापडलेल्या माणसाने म्हणूनच आडवं पडू नये, पाय जुळवून उकिडवं बसावं. पण तो नाइलाजाचा उपाय. पक्कं घर किंवा बंद गाडी गाठता येत असेल तर तीच गाठावी.

४. वडिलांचा हात खिडकीच्या लोखंडी ग्रिलला होता. ते फेकले गेले. जमलेली माणसं म्हणाली, "हात लावू नका, अंगात करंट हाय." हा समज जीव घेतो. विजेचा धक्का बसलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास थांबला असेल तर त्याच मिनिटाला छाती दाबायला घ्यावी. हृदय पुन्हा चालू होऊन माणसं वाचलेली आहेत. वडिलांचा श्वास चालू होता, पण पाय निळसर, गार आणि लुळे पडले होते. आम्ही हादरून गेलो. संध्याकाळपर्यंत पाय हलू लागले. वीज लागल्यावर असा तात्पुरता लुळेपणा येतो, हे डॉक्टरांनी समजावलं.

५. माझी वहिनी पायाळू आहे. पायाळू माणूस वीज ओढून घेतो, असं आमच्याकडे मानतात. म्हैस पुरायच्या आधीच कुजबुज सुरू झाली. आईने सगळ्यांना खांबाचे गज दाखवले आणि बजावलं, "वीज इथं पडली. माझ्या सुनेचं नाव घ्यायचं नाही." या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त राग आला तो त्या कुजबुजीचा. जन्माला येताना आधी पाय बाहेर आले, त्याचा आभाळाशी काय संबंध?

६. तलाठ्याचा पंचनामा आणि जनावरांच्या डॉक्टरांचा शवविच्छेदनाचा दाखला होईपर्यंत म्हैस हलवू नये. मदतीचा अर्ज या कागदांवरच चालतो.

७. नंतर जाणत्या वायरमनकडून गच्चीवर वीजवाहक सळई बसवली, तिथून तांब्याची पट्टी सरळ खाली जमिनीत नेली. पट्टीला वळणं कमीत कमी द्यावीत. घराचं अर्थिंग आणि या सळईचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं असावं, नाहीतर एकातून दुसऱ्यात ठिणगी उडी मारते. मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टरही घातला. सळई वीज टाळत नाही, तिला जमिनीत जायला वाट देते. घरातलं सामान वाचवायला प्रोटेक्टर लागतोच.

८. चमकल्यावर आकडे मोजावेत. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो. तिसाच्या आत गडगडलं तर घरात यायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपास पडणाऱ्या विजांचा इशारा देतं. आमच्या घरी ते वहिनीच्या फोनवर आहे. इशारा आला की माळावरच्या मेंढपाळांना पहिला फोन तीच लावते.