‘परम ८०००’ आणि निरोपांची वाट
एटापल्लीस धानाची रोवणी एकट्याच्यानें उरकत नाहीं. बांधींत अनेक हात एकदम चालतात. पुण्याच्या ‘सी-डॅक’ संस्थेनें १९९१ सालीं सिद्ध केलेला ‘परम ८०००’ महासंगणक याच तत्त्वावर रचिला होता. अमेरिकेकडून महासंगणक मिळेना, म्हणून १९८८ सालीं ही संस्था निघाली. तिचे प्रमुख डॉ. विजय भटकर आपल्या विदर्भांतलेच. आरंभींच्या यंत्रांत ‘ट्रान्सप्युटर’ नांवाचीं ६४ गणकमंडलें होतीं. मंडलें विलायती, जोडणी मात्र येथली. प्रत्येकाची स्मृति निराळी. शेजाऱ्याचें उत्तर हवें असल्यास तें तारेवरून मागवावें लागे, आणि अशा वाटा प्रत्येकास चारच. म्हणून खरी कसोटी गणिताची नव्हे, निरोपाची होती. मंडल कितीही चपळ असो, निरोप अडला कीं तें स्वस्थ बसे. पऱ्हे पोंचले नाहींत, तर रोवणारी बाईही बांधींत तशीच उभी राहते.