फुकटचं व्हीपीएन घ्यावं का?

प्रश्न : मानखुर्द स्टेशनच्या वायफायवर मी बँकेचं ॲप वापरते. फुकटचं व्हीपीएन टाकू का? – एक वाचक, ट्रॉम्बे

उत्तर : ताई, फुकटचं नकोच. बँकेचं ॲप माहिती मुळातच सांकेतिक करून पाठवतं. व्हीपीएन लावलं की तुम्ही कुठल्या साइटवर जाता हे वायफायवाल्याला कळत नाही, पण व्हीपीएन कंपनीला कळू शकतं. शिवाय सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं-पत्ते किमान ५ वर्षं जपायला सांगितलं; त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. पैशांचे व्यवहार मोबाइल डेटावरच करा. व्हीपीएन ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तर ते लगेच काढून टाका, कारण ओटीपी तिथेच येतो. फसवणूक झालीच तर क्षणही न दवडता १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन लावा.