टारफुला : मुळाशी लपलेला चोर

शास्त्रवाचन : मत्तय, अध्याय १३, वचने २४ ते ३० व ३६ ते ४३, इब्री, अध्याय १२, वचन १५.

जोंधळ्याच्या शेतात कधी कधी असे दिसते की, जमिनीत ओल असूनही ताटे खुरटतात, पाने पिवळी पडतात व पीक दुपारच्या उन्हात मान टाकते. असे झाले म्हणजे कोणी म्हणतो, दृष्ट लागली. कोणी म्हणतो, करणी केली. आणि बोट एखाद्या निराधार विधवेकडे वळते. ख्रिस्ती मनुष्याने तोंड उघडण्यापूर्वी खाली वाकून ताटाच्या बुडाशी पाहावे. तेथे वीतभर उंचीचे, अरुंद पानांचे व बारीक पांढऱ्या फुलांचे रोप दिसले, तर तो बहुधा टारफुला होय. कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात रोप दाखवून खात्री करून घ्यावी.

ह्या वनस्पतीच्या वंशास शास्त्रात स्ट्रायगा म्हणतात. लॅटिन भाषेत त्या शब्दाचा अर्थ चेटकीण असा आहे. परंतु येथे चेटूक मुळीच नाही. आफ्रिका व आशिया ह्या खंडांच्या उष्ण प्रदेशांत ह्या वंशाच्या अनेक जाती असून, त्यांतील काही जोंधळा, बाजरी, मका व ऊस ह्या पिकांवर जगतात.

त्याची रीत अशी आहे. टारफुल्याचे बी धुळीच्या कणासारखे बारीक असते. एका रोपापासून हजारो बिया होतात व त्या जमिनीत दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ जिवंत राहतात. जोंधळ्याच्या मुळांतून एक सूक्ष्म रस पाझरतो. वास्तविक तो मुळांस साहाय्य करणाऱ्या बुरशीस बोलावण्यासाठी असतो. पण तीच हाक ऐकून हे बी जागे होते, मुळास चिकटते व पिकाचे पाणी आणि अन्न शोषून घेते. असा रस शास्त्रज्ञांनी १९६६ साली कापसाच्या मुळांपासून वेगळा काढला. ध्यानात ठेवावे की, रोप जमिनीवर दिसण्यापूर्वी कित्येक आठवडे त्याची चोरी चाललेली असते.

ह्यावर उपाय आहेत. फूल येण्यापूर्वीच रोपे उपटावी. फुललेली रोपे बांधावर न टाकता जाळावी. शेणखत भरपूर घालावे, कारण निकस जमिनीत हे तण अधिक माजते. जोंधळ्यावर जोंधळा न घेता भुईमूग किंवा सोयाबीन ह्यांची फेरपालट करावी. ह्या पिकांच्या मुळांमुळे पुष्कळ बी उगवते, परंतु त्यास आश्रय न मिळाल्याने ते मरून जाते. अमेरिकेत १९५६ साली हे तण आढळले. तेथे अनेक दशके नेटाने श्रम केल्यावर बहुतेक शेते मोकळी झाली. एका वर्षाच्या खुरपणीने हे काम होत नाही.

आता कोणी विचारील, दाखल्यातील धन्याने तर निदण कापणीपर्यंत राहू द्या असे सांगितले. मग आम्ही का उपटावे? उत्तर असे की, त्या दाखल्यात शेत म्हणजे जग व निदण म्हणजे माणसे. माणसांस उपटून टाकण्याचा अधिकार प्रभूने आपणांस दिला नाही. तो न्याय त्याचा आहे. परंतु इब्री लोकांस लिहिणारा ज्या कडूपणाच्या मुळाविषयी सावध करतो, ते मंडळीत अंकुरू देऊ नये, असा त्याचा बोध आहे. मनातील हेवा व संशय प्रथम कोणास दिसत नाहीत. ते दिसू लागतात तेव्हा प्रीती पुष्कळशी सुकून गेलेली असते. म्हणून ते फुलण्यापूर्वी उपटावे, आणि दरवर्षी पुन्हा पाहावे.

जो आपले पीक बुडाले म्हणून शेजारणीस चेटकीण म्हणतो, तो शेतातील तण तसेच ठेवून माणूस उपटतो. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला आहे. तथापि कायद्याच्या भयापूर्वीच ख्रिस्ताच्या प्रीतीने आपले तोंड आवरले पाहिजे. अशा बाईच्या दारी मंडळीने प्रथम जावे, आणि तिच्या शेतातही टारफुला असल्यास तो उपटू लागावे.

उपदेशकांनी विचारावयाचे प्रश्न :
१. टारफुला दिसण्यापूर्वीच पिकाची हानी कशी होते?
२. दाखल्यातील निदण व मनातील कडू मूळ ह्यांत भेद कोणता?
३. आपल्या गावात विनाकारण ठपका आलेले कोणी आहे काय? त्यास मंडळी कसे साहाय्य करील?