पूर्वकिनाऱ्याची वाट

प्रस्तावना

मराठीत ‘वाट पाहणे’ म्हणजे थांबणे, प्रतीक्षा करणे. शब्दशः अर्थ घेतला तर मात्र तो रस्ता पाहणे असा होतो. जो थांबतो त्यालाच वाट दिसते, असे जणू हा वाक्प्रचार सुचवतो. चेन्नईहून दक्षिणेकडे समुद्राच्या काठाने जाणाऱ्या एका रस्त्याचे वर्णन प्रस्तुत पाठात आहे. नोकरीनिमित्त अनेक वर्षे चेन्नईत राहिलेले, पन्नाशी ओलांडलेले एक मराठी जोडपे पाच दिवसांची सवड काढून या रस्त्याने निघते. त्यांच्या सोबतीने हा रस्ता पाहावयाचा आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपल्याला :

- पूर्व किनाऱ्यावरील महत्त्वाच्या स्थळांची माहिती सांगता येईल;
- समुद्र आणि मानवी वस्ती यांचे परस्परसंबंध स्पष्ट करता येतील;
- तमिळ भूमीवरील मराठी इतिहासाच्या खुणा ओळखता येतील;
- स्वतः केलेल्या प्रवासाचे वर्णन लिहिता येईल.

मूळ पाठ

चेन्नईच्या दक्षिण भागात तिरुवान्मियूर नावाचे उपनगर आहे. तेथून पूर्व किनारा मार्ग सुरू होतो. पूर्वी हा मासेमारीची गावे जोडणारा साधा रस्ता होता. या शतकाच्या आरंभी तो रुंद व पक्का करण्यात आला आणि त्यावर पथकर आकारला जाऊ लागला. पुदुच्चेरीपर्यंतचे सुमारे दीडशे किलोमीटरचे अंतर आता मोटारीने तीन तासांत कापता येते. या जोडप्यानेही ते अनेकदा तसेच कापले होते.

“अहो, या रस्त्याने आपण कितीदा गेलो! पण मधली गावे काही आपण पाहिली नाहीत,” असे पत्नी म्हणाली, तेव्हा पतीला ते नाकारता आले नाही. दिवसाला शंभर किलोमीटरच्या आसपासच जायचे आणि जेथे थांबावेसे वाटेल तेथे थांबायचे, असे दोघांनी ठरवले. महिना जानेवारीचा होता. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्येकडील वाऱ्यांबरोबर येतो. तो सरला की आकाश निवळते आणि हवा सुखद होते.

कोकणचा किनारा पाहिलेल्या माणसाला हा किनारा प्रथम अनोळखी वाटतो. येथे पाठीशी सह्याद्री नाही. समुद्रात घुसलेले डोंगरकडे नाहीत. सपाट वाळू, सुरूची बने, ताडाची झाडे आणि मधूनमधून खाऱ्या पाण्याची खाजणे असे हे दृश्य आहे. कोकणात सूर्य समुद्रात मावळतो, तर येथे तो समुद्रातून उगवतो. त्यामुळे या किनाऱ्याची खरी वेळ पहाटेची. मासेमारी करून परतलेल्या होड्या वाळूवर ओढल्या जातात, जाळी झटकली जातात आणि स्त्रिया माशांच्या टोपल्या घेऊन बाजाराकडे निघतात. ओंडके दोरांनी बांधून केलेल्या येथील तराफ्याला तमिळमध्ये ‘कट्टुमरम्’ म्हणतात. ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम्’ म्हणजे लाकूड. हाच शब्द पुढे इंग्रजीत गेला आणि जगभर पोहोचला. आज बहुतेक कोळ्यांनी फायबरच्या होड्या स्वीकारल्या आहेत.

पहिला मुक्काम मामल्लपुरम येथे पडला. सातव्या-आठव्या शतकांत पल्लव राजांनी येथील खडकांतून मंदिरे, रथ आणि शिल्पपट कोरविले. १९८४ साली युनेस्कोने या शिल्पसमूहाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. सुमारे ३० मीटर लांबीच्या एका शिल्पपटावर देव, ऋषी, हत्ती, नाग यांची गर्दी आहे. बहुतेक प्रवासी हत्तींपाशी छायाचित्र काढून पुढे जातात. या दोघांनी तेथे तासभर काढला, म्हणूनच त्यांना हत्तीजवळचे मांजर दिसले. ते मागच्या पायांवर उभे राहून, पुढचे पाय वर करून तपश्चर्या करीत आहे आणि त्याच्याजवळ उंदीर निर्धास्त वावरत आहेत. तेराशे वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराने ढोंगी साधूची केलेली ही थट्टा पाहून दोघेही मनापासून हसले.

जवळच सालुवनकुप्पम हे छोटे गाव आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी आलेल्या त्सुनामीच्या लाटांनी येथील वाळू वाहून नेली आणि एका खडकावरील जुना शिलालेख उघडा पडला. त्याचा माग घेत पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले, तेव्हा विटांनी बांधलेले मुरुगनचे अतिप्राचीन मंदिर सापडले. ज्या समुद्राने एके काळी मंदिर गाडले, त्यानेच ते शोधण्याची वाट दाखवली.

मामल्लपुरम सोडल्यावर वस्ती विरळ होत जाते. मरक्काणमजवळ मिठागरे लागतात. चौकोनी वाफ्यांतून खारे पाणी उन्हात आटत असते आणि मिठाचे पांढरे ढीग दूरवर चमकत असतात. भर दुपारी त्या चकाकीत उभे राहून काम करणारे मजूर पाहिले, की रोजच्या जेवणातील चिमूटभर मिठामागचे कष्ट ध्यानात येतात.

दुसरा मुक्काम पुदुच्चेरीचा होता. १९५४ पर्यंत हे नगर फ्रेंच सत्तेखाली होते. समुद्रालगतचा सरळ रस्ता, त्यामागील आखीव गल्ल्या आणि पिवळ्या भिंतींची घरे त्या काळाची आठवण देतात. येथे फिरताना दोघांनी वाळूचा किनारा शोधला. पण मोठ्या लांबीवर त्यांना काळे दगडच दिसले. या किनाऱ्यावर वर्षाचा बराच काळ लाटांबरोबर वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. १९८० च्या दशकात बंदरासाठी समुद्रात बांध घालण्यात आले. त्यांनी ही वाळू अडवली. दक्षिणेला वाळू साचली आणि उत्तरेला नगराचा किनारा खचू लागला. तो सावरण्यासाठी दगड टाकावे लागले. अलीकडच्या काळात काही भागात वाळू परत आणण्याचे प्रयत्न झाले आहेत. किनारा स्थिर दिसत असला तरी तो सतत चालत असतो, आणि त्याची चाल अडवली तर शेजारच्या गावाला त्याची किंमत मोजावी लागते, हा धडा येथे डोळ्यांनी पाहता येतो.

पुढे चिदंबरमजवळ पिच्चावरमची खारफुटीची वने आहेत. होडीवाला वल्हे मारीत अरुंद पाणवाटांतून नेतो, तेव्हा दोन्ही बाजूंच्या मुळांची जाळी डोक्यावर कमान धरतात. त्सुनामीच्या वेळी अशा झाडीच्या आड असलेल्या वस्त्यांची हानी तुलनेने कमी झाल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. तेथून दक्षिणेला तरंगंबाडी लागते. ‘गाणाऱ्या लाटांची भूमी’ असा या नावाचा अर्थ सांगितला जातो. १६२० साली डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनी येथे किल्ला बांधला. पुढे जर्मन धर्मप्रसारकांनी येथेच मुद्रणालय उभारून तमिळ ग्रंथ छापले.

नागपट्टिनम गाठल्यावर दोघांचे बोलणे आपोआप कमी झाले. त्सुनामीत एकट्या या जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. बळी गेलेल्यांत स्त्रिया आणि मुले पुष्कळ होती. किनाऱ्यावर आज पुन्हा होड्या आहेत, जाळी आहेत, मासळीचा बाजार आहे. ज्या समुद्राने घरे नेली, त्याच समुद्रावर पोट भरावयाचे, हे येथील कोळ्यांचे जीवन आहे. “रस्त्यावरून जाताना समुद्र नुसता निळा दिसतो,” एवढेच पती म्हणाला.

नागपट्टिनमजवळच नागूरचा प्रसिद्ध दर्गा आहे. त्याच्या पाच मनोऱ्यांपैकी सर्वांत उंच मनोरा तंजावरचा मराठा राजा प्रतापसिंह याने अठराव्या शतकात बांधविला. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावरला मराठ्यांचे राज्य स्थापन केले होते. १८५५ पर्यंत टिकलेल्या या राज्याच्या एका राजाने दर्ग्याला मनोरा अर्पण करावा, हे त्या काळच्या सामंजस्याचे द्योतक आहे.

तेथून वेदारण्यम. १९३० साली चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिरुचिरापल्लीहून येथवर पायी येऊन मिठाचा सत्याग्रह केला. त्यांचा मार्गही गावोगावी थांबत, माणसांशी बोलत पुढे सरकला होता. वेदारण्यमनंतर किनारा पश्चिमेकडे वळतो. पाचव्या दिवशी समुद्रकाठी एक षट्कोनी बुरूज दिसू लागला. १८१४-१५ च्या सुमारास, नेपोलियनच्या पराभवाच्या स्मरणार्थ सरफोजीराजे दुसरे यांनी तो उभारला. आजूबाजूची माणसे तमिळ बोलतात. पण या वास्तूला आजही ‘मनोरा’ असेच म्हणतात. चेन्नईपासून ४०० किलोमीटरहून अधिक अंतर आल्यावर आपल्या भाषेतील ओळखीचा शब्द कानी पडला, तेव्हा पत्नीला मोठे नवल वाटले. मात्र येथील शिलालेखात हा राजा स्वतःला ब्रिटिशांचा मित्र म्हणवतो. राज्याची सत्ता तोवर कंपनी सरकारच्या हाती गेली होती, हेही हा दगड न बोलता सांगतो.

सत्ता गेली तरी सरफोजीराजांनी एक गोष्ट हातची जाऊ दिली नाही. मनोऱ्याहून तंजावरकडे जाताना ओरत्तनाडू हे गाव लागते. तेथे मुक्तांबाळ छत्रम् ही प्रवाशांसाठी बांधलेली जुनी वास्तू आहे. मराठीतील ‘अन्नछत्र’ या शब्दातले छत्र ते हेच. काशी-रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या मराठा राजघराण्याने अशी अनेक छत्रे चालविली होती. १८०१ साली सरफोजीराजांनी ब्रिटिश रेसिडेंटला पत्र लिहून या छत्रांची व्यवस्था अबाधित राहावी, अशी विनंती केली. त्यात छत्रांच्या कामाचा तपशील आहे. कोणत्याही जातीच्या वाटसरूला तेथे अन्न मिळे. शिजवलेले अन्न न घेणाऱ्याला कोरडा शिधा मिळे. आजाऱ्याला औषध, बाळंतिणीला देखभाल आणि लहान मुलांना दूध दिले जाई. वाटेत कोणाचे निधन झाले, तर अंत्यविधीचीही सोय होई.

त्या काळी प्रवास पायी असे आणि तो महिनोन्‌महिने चाले. वाट लांब असली, तरी जागोजागी थांबण्याची सोय होती. आजची वाट गुळगुळीत आणि वेगवान आहे. मामल्लपुरमच्या पुढे ती चौपदरी करण्याचे कामही अलीकडे हाती घेण्यात आले. वेग आवश्यक आहे. रुग्णाला आणि मासळीच्या गाडीलाही तो हवाच. परंतु रस्त्याची थोरवी केवळ त्यावरून किती लवकर जाता येते यावर ठरत नाही. वाटेतल्या माणसांशी तो आपली गाठ घालून देतो की नाही, यावरही ती ठरते. छत्राच्या ओसरीवर बसून दोघांनी डब्यातील दहीभात खाल्ला. संध्याकाळपर्यंत तंजावरला पोहोचायचे होते. पण उठण्याची घाई दोघांनाही नव्हती.

शब्दार्थ

पथकर : रस्ता वापरण्यासाठी द्यावा लागणारा कर
खाजण : खाडीलगतची, भरतीचे पाणी शिरणारी दलदलीची जमीन
शिल्पपट : खडकावर कोरलेला विस्तृत चित्रसमूह
मिठागर : समुद्राचे पाणी आटवून मीठ तयार करण्याची जागा
खारफुटी : खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडे
द्योतक : दाखवून देणारे, निदर्शक
शिधा : न शिजवलेले धान्य व इतर सामग्री

पाठावरील प्रश्न

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पूर्व किनाऱ्यावर मुख्य पाऊस केव्हा पडतो?
(आ) ‘कट्टुमरम्’ या शब्दाचा अर्थ कोणता?
(इ) नागूरच्या दर्ग्यातील सर्वांत उंच मनोरा कोणी बांधविला?

२. कारणे द्या.
(अ) पुदुच्चेरीच्या किनाऱ्यावर दगड टाकावे लागले.
(आ) नागपट्टिनमला पोहोचल्यावर दोघांचे बोलणे कमी झाले.

३. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) तंजावरच्या छत्रांत प्रवाशांची कोणकोणती सोय केली जात असे?
(आ) ‘समुद्र देतो आणि घेतोही’ हे विधान पाठातील दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.

४. ‘वाट’ या शब्दापासून तयार झालेले पुढील वाक्प्रचार वाक्यांत वापरा : वाट पाहणे, वाट चुकणे, वाटेला जाणे, वाटेला लावणे.

५. आपण नेहमी ज्या रस्त्याने ये-जा करता, त्यावर एक दिवस मुद्दाम ठिकठिकाणी थांबा. पूर्वी लक्षात न आलेल्या तीन गोष्टींविषयी दहा ते बारा ओळी लिहा.